आवाज दाखव

वाळलेले कपडे हातावर घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा हेडफोन सोफ्यावर उताणा पडला होता. तिची लेक खारू ऑनलाइन खेळ अर्धा टाकून न्हाणीघरात गेली होती. जाताना हेडफोन असा भिरकवायचा, मग त्याची वायर उशीखाली अडकायची आणि मग आईच्या नावानं खडे फोडायचे, हे रोजचंच. म्हणून नीट ठेवायला तिनं तो उचलला. कानाला लावायचं तिच्या मनातही नव्हतं. पण इतकी वर्षं स्टुडिओत आवाज देण्याचं काम करून हेडफोन हातात आला की तो आपोआप कानाकडे जातो, जसा घास तोंडाकडे जावा. कानात कुणीतरी म्हणालं, "आलीस का? आई गेली?"

आवाज दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा होता. थोडा सर्दी झाल्यासारखा, लाघवी, शब्दाच्या शेवटी वर चढणारा. आणि तो तिचा होता. तिच्यासारखा नव्हे, तिचाच. तिच्या पुढच्या दोन दातांत पूर्वी फट होती. 'स' म्हणताना तिथून एक बारीक शिट्टी निसटायची. पुढं दाढदुखीसाठी डॉक्टरकडे गेली असताना त्यांनी तीही फट भरून टाकली होती, आणि घरी येऊन आरशासमोर तिनं चार वेळा 'ससा' म्हणून पाहिलं होतं, मेल्या माणसाला हाक मारावी तसं. ती शिट्टी आता 'आलीस'मधून वाजली. देवाशपथ, तिला आधी वाटली ती भीती नव्हती. तिला बरं वाटलं. किती स्वच्छ निघालाय, असं वाटलं. कुठं ओठांची फुरफुर नाही, श्वासाची खरखर नाही. कपडे हातावर तसेच ठेवून, मान एका बाजूला कलती करून, काम ऐकतात तशी ती ते ऐकत उभी राहिली. "मी थांबतो हं," आवाज म्हणाला. "तू सावकाश ये. मला काही घाई नाही." तेव्हा कुठं तिनं मान सरळ केली. कारण मुलांना घाई असते. मुलं समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, थांब म्हटलं की दहादा हाका मारतात. मुलांचे आवाज काढूनच तिचं पोट भरत होतं. मूल कधी ऐकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हा ऐकत होता. मागून खारूचा ओला हात आला आणि तिनं हेडफोन ओढून घेतला. दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नये असं तूच शिकवतेस ना, असं काहीसं ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. कार्टूनमधली पोरं, जाहिरातीतली पोरं, परदेशी सिनेमात आजारी पडणारी गोरी पोरं, ती सगळी तिच्या गळ्यातून बोलत आली होती. खऱ्या मुलांना बोलावलं तर ती कंटाळतात, भूक लागते, रडतात. त्यापेक्षा ही बाई परवडते. जबडा थोडा पुढं घ्यायचा, गाल आत ओढायचे, आवाज छातीतून काढून दातांच्या मागं आणून ठेवायचा. आणि श्वास नको तिथं घ्यायचा, वाक्याच्या ऐन मध्यावर, कारण मुलांना वाक्य कुठवर जाणार आहे ते आधी माहीत नसतं. हे तिला कुणी स्टुडिओत शिकवलं नव्हतं. तिचे वडील देवाच्या गोष्टी गाऊन सांगायचे. उघड्या जागेत सतरंजी टाकून माणसं बसायची, वडील उभे राहून थोडं बोलत, थोडं गात, आणि कथेत लेकरू आलं की त्यांच्या दाढीतून लेकराचा आवाज निघायचा. जंगलात आईला हाका मारणारं लेकरू. पुढं बसलेल्या बायका पदरानं डोळे टिपायच्या, आणि मागं बसलेल्या तिला, गोष्ट पाठ असूनही, हुंदका यायचा. घरी परतताना ती विचारायची, बाबा, ते रडत होतं ते कोण होतं? वडील म्हणायचे, ते मला माहीत नाही बाई. आवाज आपला नसतो. कुणीतरी ठेवायला देतं, आपण सांभाळायचा, मागितला की परत द्यायचा. तेव्हा ते तिला कथेतलंच एखादं वाक्य वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिनं रेकॉर्डिस्टला गाठलं. सगळे त्याला काचकाका म्हणत, कारण तो कायम काचेपलीकडे असायचा, आणि काचेअलीकडे आला की कसा तोकडा, अनोळखी दिसायचा. बोलणाऱ्या खेळण्यांसाठी म्हणून त्यानंच पूर्वी तिला एका कंपनीचं काम आणून दिलं होतं. कितीतरी दिवस ती बूथमध्ये बसून मुलाच्या आवाजात वाक्यं वाचत होती. अर्थाची, बिनअर्थाची, प्रश्न, हाका, रुसवे, बेरजा. शेवटी हसणं मागितलं होतं: खुदकन, खो खो, लाजून, गुदगुल्या झाल्यासारखं, खोटं पकडल्यावरचं. त्या दिवशी तिच्या बरगड्या दुखल्या होत्या आणि बूथमधून बाहेर आल्यावर काचकाका म्हणाला होता, आज तू एका पोराचं अख्खं बालपण हसून टाकलंस. तो बाजारात आलेला बाहुला तिनं कधी पाहिला नाही. आता काचकाकानं डोकं खाजवलं, कुणाकुणाला फोन केले आणि सांगितलं की ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि त्या नव्या कंपनीनं आवाजांचं दुकान काढलं. आपण आपल्या जाड्याभरड्या गळ्यानं बोलायचं आणि पलीकडे निघताना हवा तो आवाज होऊन निघतो, असं ते यंत्र. त्यात तिचा आवाज 'गोड मुलगा' या नावानं आहे म्हणे, आणि बराच खपतो. तेवढ्यात तिचा चेहरा पाहून त्याला काहीतरी हलकं बोलावंसं वाटलं. "तू आता घरोघरी पोचलीस की," तो म्हणाला. ती हसली नाही तेव्हा तो पुन्हा काचेमागं जाऊन बसला.

घरोघरी. बसमध्ये, दुकानात, कुणाच्याही हातातल्या फोनकडे तिचं लक्ष जाऊ लागलं. त्या यंत्राला तोंड लावून आत्ता, या घटकेला, कुठकुठली माणसं तिच्या दातांच्या फटीतून बोलत असतील? समोरच्या बाकावरचा टक्कल पडलेला गृहस्थ फोनवर आपल्या बायकोशी भांडत होता, तोही तिला शुद्ध, निष्पाप वाटला, कारण निदान स्वतःच्या आवाजात तरी भांडत होता.

खारूचं खातं कळवून तिनं खेळाच्या कंपनीकडे तिच्याशी बोलणाऱ्या त्या खेळाडूची तक्रार केली. उत्तर तत्परतेनं आणि अदबीनं आलं. मुलांची सुरक्षितता हेच त्यांचं पहिलं कर्तव्य होतं. म्हणूनच मुलांच्या दालनात शिरणाऱ्या प्रत्येकाचा आवाज ते आधी तपासून घेतात. आपण कळवलेल्या खेळाडूचा आवाज त्यांनी पुन्हा तपासला होता आणि तो नऊ ते अकरा या वयातल्या मुलाचा असल्याची त्यांची खात्री पटली होती. ते वाचून तिला हसू फुटलं, एकटीला, स्वयंपाकघरात, आणि ते थांबेना. तिच्या कामाला इतकी मोठी पावती आजवर कुणी दिली नव्हती. तिनं पुन्हा लिहिलं, तो आवाज माझा आहे, मी चाळिशीची बाई आहे. त्यावर उत्तर आलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर दुसऱ्या गावी होता. फोनवर म्हणाला, वायर उपटून टाक, सोपं आहे. त्याच्या धंद्यात ते सोपंच असतं; लिफ्ट बंद करायची, पाटी लावायची, माणसं जिन्यानं जातात. मागं एकदा त्यांनी खेळ बंद केला होता. तेव्हा खारू जिन्यानंच गेली होती. शेजारच्या मैत्रिणीकडे अभ्यासाच्या नावाखाली खेळत राहिली, आणि हे कळलं तेव्हा तिच्या खोटं बोलण्यात इतकी सफाई होती की आईला तिच्यात आपलं रक्त दिसलं. आता वायर उपटली तर तो आवाज दुसऱ्या कुणाच्या घरात खारूची वाट पाहत बसेल. सावकाश ये म्हणेल. त्याला काही घाई नाही.

मग तिनं सरळ सांगून पाहिलं. खारू गॅलरीत सुकामेवा कुरतडत बसली होती. असं सारखं काहीतरी दातांत धरायची म्हणूनच तिचं नाव खारू पडलं होतं. तो तुझा नवा मित्र, त्याचं नाव काय, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज विचारणं हा तिच्या धंद्याचाच भाग, तरी ते पोरीला लगेच कळलं. गोटी, खारू म्हणाली. खेळातलं नाव, खरं नाव विचारायचं नसतं. आणि तो मुलगा आहे हे कशावरून? तेव्हा खारूनं मोठ्या शहाणपणानं आईला समजावून सांगितलं. शाळेत बाई सांगून गेल्यात की लिहून कुणीही काहीही बनू शकतं. म्हणून या मुलांनी आपला एक नियम केला होता. नवीन कुणी आलं की सगळी म्हणतात, आवाज दाखव. त्यानं बोलून दाखवायचं. आणि मग म्हणतात, हसून दाखव. कारण मोठी माणसं लहानांसारखं बोलू शकतात, पण हसू शकत नाहीत, लगेच पकडली जातात. एकजण असाच पकडला होता, खोकल्यासारखं हसला. सगळ्यांनी दालनाचं दार लावून घेतलं, पुन्हा आत नाही घेतला. "गोटी सगळ्यात छान हसतो," खारू म्हणाली. "सगळे म्हणाले, हा तर एकदम खरा." मुलांनी स्वतः शोधलेली ती राखण, किती हुशार, किती नेकीनं पाळलेली. आणि बरगड्या दुखेपर्यंत हसून हिनंच त्या राखणीची किल्ली विकलेली. यंत्रानं आवाज बदलतात, असं ती म्हणाली. खारू म्हणाली, ते रोबोटसारखे येतात, आम्हाला कळतात. काही लोक वाईट असतात, असं ती म्हणाली. खारू म्हणाली, तू त्याला ओळखत पण नाहीस. आणि हे म्हणताना तिचा आवाज भरून आला. आपल्या पोरीचा आवाज कुणासाठी तरी भरून येतो, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

घरात तसंही धड चाललं नव्हतं. सकाळी पोहण्याच्या क्लासवरून रोज रडारड. गेल्या वर्षी पाण्यातून बाहेर काढावी लागायची ती पोर आता क्लासच्या दिवशी पोट धरून बसायची. ताप नसायचा, जीभ स्वच्छ असायची. "नाटकं करू नकोस," असं ती म्हणायची. या घरात नाटकं कशी करतात हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आवाज थोडा जास्तच पातळ, उसासा थोडा जास्तच लांब. तिनं स्वतः कितीतरी आजारी पोरं केली होती. बॅग खांद्याला अडकवून ती खारूला बसमध्ये चढवून द्यायची, आणि खारू खिडकीतून बाहेर न बघता निघून जायची.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. खारूच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. गोटीचं बोलणं हेडफोनच्या आत राहत होतं, बाहेर येत होती ती फक्त खारूची उत्तरं. हो. नाही. बाबा रविवारी येतील. मग बराच वेळ काही नाही. तो बोलत असणार, त्या वरच्या पट्टीत, नको तिथं श्वास न घेता. आणि मग खारू म्हणाली, "नाही, माझ्या दाराला आतून कडी नाहीये." मटारचं भांडं तिनं खाली ठेवलं. ते ठेवताना वाजू नये याची तिनं काळजी घेतली, आणि ती काळजी का घेतली हे तिला समजलं नाही. तिला वाटलं, आता बोलून उपयोग नाही. दाखवलंच पाहिजे. हेडफोनमधून येतो तसा तो आवाज खारूच्या डोळ्यांदेखत एका बाईच्या तोंडातून निघाला पाहिजे. मग पोर घाबरेल, कुशीत येईल, रडेल. वडिलांच्या कथेतल्या लेकराचं रडणं ऐकून बायका रडायच्या तशी. मग सगळं सांगता येईल.

ती दारात जाऊन उभी राहिली. खारूनं बोट ओठांवर ठेवून पलीकडे जाणारा आपला आवाज बंद केला आणि हेडफोन गळ्यात उतरवला. "काय गं?" तिनं जबडा पुढं घेतला, गाल आत ओढले. दातांतली फट आता भरलेली होती, म्हणून जिभेचं टोक मुद्दाम कडेला वळवावं लागलं. शिट्टी आली. "आलीस का?" ती गोटी होऊन म्हणाली. "आई गेली?" आणि मग, काम पुरं करायची सवय म्हणून, हसलीसुद्धा. खुदकन.

खारूच्या चेहऱ्यावर भीती उमटेल म्हणून ती पाहत होती. भीती उमटली नाही. आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू, पाण्याखालून एखादी वस्तू वर यावी तसं काहीतरी वर आलं, आणि ते इतकं म्हातारं होतं की तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तूच होतीस," खारू म्हणाली.

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्या श्वासात तिनं सगळं पाहून घेतलं. नाही म्हटलं तर दुकान, यंत्र, कंपनी, तो कोण, कुठला, सगळं उलगडत बसावं लागेल, आणि खारू म्हणेल तू नुसती नक्कल केलीस, आणि उद्या जाऊन गोटीलाच विचारेल. गोटी हसून दाखवेल. हो म्हटलं तर गोटी इथंच संपतो, या दारात. शिवाय पोरीच्या मनावर तो कुणी परका बाप्या राहणार नाही, नुसती एक हेर आई राहील. मुलं आयांना माफ करतात. तिनंही केलंच होतं. आणि पुढं तो आवाज कुठल्याही नावानं कुठल्याही दालनात आला तरी खारूला आईच वाटेल, आणि ती आपण होऊन दूर होईल. इतकी पक्की कडी कुठल्या दाराला मिळणार.

"हो," ती म्हणाली. "मीच होते."

खारूनं पडद्याकडे वळून दोनदा बोट टेकवलं. ब्लॉक केलं, असं तिनं मान न वळवता सांगितलं. आता तू येऊ शकणार नाहीस. इतकं सोपं होतं ते. कुठंतरी एका खोलीत एक माणूस आपल्या जाड्याभरड्या गळ्यानं हाका मारत असेल आणि त्या पोचत नसतील. तिचा जीव भांड्यात पडला. कंपनीला जमलं नाही, शाळेला जमलं नाही, ते एका खोट्यानं करून टाकलं, असं मनात येऊन तिला क्षणभर स्वतःचं कौतुकही वाटलं. खारू हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"म्हणजे पोहण्याच्या क्लासचं तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुला सगळं सांगितलं होतं. त्या कपडे बदलायच्या खोलीतलं. आणि तरी तू मला रोज पाठवत होतीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची टूं टूं सूचना चालू होती. कपडे बदलायची खोली. पोट धरून बसलेली खारू. नाटकं करू नकोस. गोटीला ते माहीत होतं. तो आवाज घेऊन बसलेल्या त्या माणसाला ते माहीत होतं, त्यानं ते शांतपणे, मध्ये न बोलता ऐकून घेतलं होतं, आणि या घरात ते माहीत नसलेली एकच बाई होती. तिनं दाराची चौकट धरली.

"खारू, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. तो मी नव्हते. मला काही माहीत नाही बाळा. काय झालं तिकडे? मला सांग."

खारू तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. दालनात कुणी अनोळखी आल्यावर बघावं तशी, नियमाप्रमाणे.

"हा कुणाचा आवाज आहे?" तिनं विचारलं.

"माझा. माझा आहे गं."

"मग हसून दाखव."

तिच्याकडे हसण्यांना काय तोटा होता? खुदकन होतं, खो खो होतं, लाजून होतं, गुदगुल्या झाल्यासारखं होतं, खोटं पकडल्यावरचंही होतं. ती सगळी घशाशी येऊन उभी राहिली, एकेक अगदी तयार, एकही तिचं नव्हतं. वडिलांच्या दाढीतून जे लेकरू रडायचं ते कुणाचं होतं, त्यांनाही माहीत नव्हतं. पण कथा संपली की ते आपल्या आवाजात तिला, चल बाई, घरी जाऊ म्हणायचे, आणि तो आवाज तिनं कधी तपासला नव्हता. तिनं तोंड उघडलं. बाहेर जे आलं ते खोकल्यासारखं होतं.

खारूनं थोडा वेळ दिला. नियम होता तेवढा. मग ती उठली, आईच्या दंडाला हात लावून तिला हलकेच उंबऱ्याबाहेर केलं आणि दार लोटलं. आतून कडी नव्हती. फरशीवरून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला, आणि ती दाराला लागून थांबली.

आई तिथंच खाली बसली. पाठ दाराला टेकली की खुर्चीची पाठ पलीकडून कळत होती. उद्यापासून पोहायला जायचं नाही, असं तिनं दाराला सांगितलं. उद्या आपण दोघी तिकडे जाऊ, तू बाहेर थांब, मी आत जाते, मी विचारते, एकेकाला विचारते. घसा बसला होता. जबडा, गाल, जीभ, कशावर तिचा ताबा नव्हता. शब्द फाटके, मध्येच तुटत, नको तिथं श्वास घेत येत होते. स्टुडिओत हा टेक कुणी ठेवला नसता. तिनं तेच पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा.

आतली खुर्ची हलली नाही.